सातव्या पायरीचा कम्प्युटर

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

चि. प्रद्युम्न यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं, आणि माझी अडचण बघता जरा जास्तच वाटलं. स्कूटरवरून पडायचंच होतं तर दसरा झाल्यावर पडायचंस. आपला कम्प्युटर बंद पडला आहे.

फोन का करत नाही म्हणून विचारशील. मोठा फोन तुझी मामी पुण्याला घेऊन गेली आहे, बाळाचे फोटो काढायला. माझा छोटा फोन कानाशी नेला की कानातलं मशीन अशी शिट्टी मारतं की तुझं बोलणं मला सोडून सगळ्या गल्लीला कळतं. शेजारच्या नागरत्नाबाई रोज बसने हुणसूरला बँकेत जातात. त्या सकाळी पत्र देतील, संध्याकाळी तुझं उत्तर आणतील. त्यांना स्वल्प कॉफी विचार.

आता हकीकत. आमच्या वर्षिणीच्या बाळंतपणामुळे यंदा दसऱ्याच्या बाहुल्या मांडायचं माझ्यावर आलं. निघताना तुझी मामी म्हणाली की एक्केचाळीस वर्षं खंड पडला नाही, तो आता तुमच्या हातून पडणार. मी म्हटलं, बघच तू. पण पायऱ्या लावायला घेतल्या तर तळाची ट्रंक जागेवर नाही. तीही बाळाचे कपडे भरून पुण्याला गेलेली. उरल्या सहा पायऱ्या. आपल्या म्हैसुरात सहा पायऱ्या कोणी मांडतं का? पाच, सात, नऊ, अशा विषमच हव्यात. मग मी कम्प्युटरचा तो मोठा डबा सोडवला आणि तळाला आडवा घातला. उंची अगदी हवी तेवढी. वायरी काढताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. पस्तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो, पद्धत सोडत नाही.

पायऱ्या झाल्या आणि मग डोक्यात आलं की कोणती बाहुली कुठे बसते त्याचा तक्ता त्याच डब्यात आहे! पुन्हा डबा काढला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. सुम्ने, गप्प बसून आहे. दिवा नाही, आवाज नाही.

मंडी मोहल्ल्यातल्या एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने डब्याला एक बोट लावलं आणि फॉरमॅट करायला पाहिजे म्हणाला. म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला की आतलं सगळं पुसलं जाईल, एकदम नव्यासारखा होईल. मी त्याला कॉफी पाजली आणि दारापर्यंत पोचवून आलो. अरे, एकशे सव्वीस बाहुल्यांचा तक्ता आहे तो. मामीने अकरा वर्षं बसून एका बोटाने टाइप केलेला. दुसरीकडे कुठे प्रत नाही. तो गेला तर मी तिला तोंड कसं दाखवू?

घट बावीस तारखेला बसतात. मामीला यातलं काही कळता कामा नये.

तुझ्यावर लोभ आहेच, यंदा त्यात थोडी घाईही धरावी.

तुझा,
गुंडेराव मामा


हुणसूर
१२ सप्टेंबर, दुपार

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझं मराठी तुम्हाला माहीत आहे, लाल पेन्सिल कृपया लांब ठेवा.

कॉलेजात मी मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगतो: आधी करंट येतोय का ते बघा. हसू नका. निम्मे कम्प्युटर तिथेच बरे होतात. तेव्हा ज्या प्लगमध्ये तो लावलाय तिथे टेबल लॅम्प लावून बघा. लॅम्प लागला तर डब्याच्या मागे जाऊन बघा, जिथे जाड काळी वायर शिरते तिथे एक छोटा खटका असतो. त्यावर एक रेघ आणि एक गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली हवी. डबा उचलताना तो हमखास बंद होतो.

मग सुरू करा आणि मला तीन गोष्टी कळवा. आत पंखा फिरतो का, टूं टूं असा आवाज येतो का, जळका वास येतो का. जळका वास आला तर लगेच प्लग काढा, मला लिहीत बसू नका.

आणि तुम्ही डबा आडवा घातलात म्हणता, त्यावर काही सांडलं वगैरे नाही ना?

नागरत्नाबाईंना कॉफी दिली. त्यांनी माझ्या प्लास्टरवर बँकेचा शिक्का मारायचं बाकी ठेवलंय, एवढी चौकशी केली.

पाय वर ठेवून, पण नमस्कार खाली वाकूनच,
प्रद्युम्न


जयलक्ष्मीपुरम
सोमवार, १५ सप्टेंबर

चि. प्रद्युम्न यास आशीर्वाद.

खटका गोलाकडे होता! रेघेकडे केला आणि डब्यात जीव आला. मी इतका खूश झालो की देवापुढे साखर ठेवली. पण साखर उचलायच्या आत डबा पुन्हा गप्प. नीट ऐकलं तेव्हा असं कळलं: बटण दाबलं की आत पहिल्यांदा टर्र असा आवाज येतो, मग कडकड, मग बंद. असं चार वेळा केलं. पडदा काळाच्या काळा. वास जळका नाही, पण वास आहे. कसला ते सांगता येत नाही. ओळखीचा वाटतो.

डब्यावर काय सांडणार? मी काय लहान आहे?

मागच्या बाजूची आकृती काढून पाठवली आहे. भोकांची नावं मला येत नाहीत, म्हणून मी दिसतील तशी ठेवली: आडवं तोंड, जाड दात, निळा चाळणा थोरला, निळा चाळणा धाकटा. निळे चाळणे दोन आहेत आणि पडद्याची वायर दोन्हींत बसते. चिठ्ठीवर मी नुसतं 'निळा' लिहून ठेवलंय. ही माझी चूक, कबूल.

लोभाचं काय ते तू बघून घे, माझं चित्त थाऱ्यावर नाही.

गुंडेराव मामा


पुणे
१२ सप्टेंबर २०२५

ती. स्व. यांस वेदवतीचा सा. न. वि. वि.

बाळ छान आहे. नाक तुमचं घेतलंय, त्याला इलाज नाही. वर्षिणी हिंडती-फिरती झाली. इथे सगळे इतकं शुद्ध बोलतात की मी काल भाजीवाल्याला 'स्वल्प कमी करा' म्हटलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

बाहुल्या काढल्यात का? पेटीतून काढताना कागद टाकू नका, तेच परत गुंडाळायला लागतात. शेट्टी आणि शेट्टम्मा खाली बसतात, त्यांचं किराणा दुकान पुढे. पण त्यांच्या वाट्यांत धान्य घटाच्या दिवशीच घाला, आधी नको, उंदीर येतात. तुम्हाला आधीच सगळं भरून बघायची हौस असते, म्हणून लिहिते.

आणि कम्प्युटरला हात लावू नका. तक्ता त्यात आहे, पण तो हवाच कशाला? एक्केचाळीस वर्षं समोर खुर्ची टाकून बघताय, तेवढं लक्षात नसेल तर कमाल झाली. जमणार नसेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. एका वर्षाने काही बिघडत नाही.

वेळेवर जेवा. माझी आठवण आली नाही तरी गोळ्यांची ठेवा.

सौ. वेदवती


हुणसूर
मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. मामांस सा. न.

आकृती इतकी सुंदर आहे की मी ती भिंतीला लावली. पण मामा, तुमच्या पत्रात काहीतरी गाळलंय. टर्र, कडकड आणि बंद, याचा अर्थ पंख्यात काहीतरी अडकतंय. पंखा फिरला नाही की आतला मुख्य भाग तापतो आणि कम्प्युटर स्वतःला वाचवायला बंद होतो. शहाणा असतो तो. पण धूळ कडकड वाजत नाही.

आज नागरत्नाबाई कॉफी पिताना सहज म्हणाल्या की गेल्या बुधवारी त्या तुमच्याकडे आल्या तेव्हा शेट्टीचं दुकान फार हुबेहूब मांडलेलं होतं, अगदी मोहरीसकट. खालच्या पायरीवर. खालची पायरी म्हणजे कोणती, मामा?

डॉक्टरपासून दुखणं लपवून चालत नाही. आणि मेहरबानी करून आता तो सुरू करून बघू नका. प्लग काढून ठेवा. पाचव्यांदा केलंत तर तक्त्याची हमी मी देणार नाही.

तुमचा आज्ञाधारक, पण संशयी,
प्रद्युम्न


जयलक्ष्मीपुरम
बुधवार, १७ सप्टेंबर

चि. प्रद्युम्न यास.

अय्यो, ती बाई बँकेत आहे की पोलिसात?

ठीक आहे, लिहितो. मी शेट्टीचं दुकान भरून बघितलं. मला भरून बघायची हौस आहे, असं तुझ्या मामीनेही कळवलंय, तेव्हा घरात सगळ्यांना माहीतच आहे. सात वाट्या: तांदूळ, मुगाची डाळ, मोहरी, मेथ्या, जिरे, साखर, मिरे. डब्याच्या वरच्या अंगाला जाळी आहे, त्यावर कापड घालायचं राहिलं होतं. शेट्टम्माला सरळ करताना माझं उपरणं अडकलं आणि दुकान आडवं झालं. जाळीवरचं धान्य मी वेचून घेतलं. जे दिसेना ते खाली जमिनीवर गेलं असेल अशी मी मनाची समजूत घातली. जमिनीवर काही नव्हतं, हेही मला दिसत होतं.

त्या दिवशी आलेला ओळखीचा वास जिऱ्याचा होता.

आता सांगतो तुला, तीन दिवस मला जेवण गेलेलं नाही. हिने जाताना डोळ्यांत बघून सांगितलं होतं की खंड पडेल, आणि मी छाती फुगवून बोललो. खंड पडला तर एक वेळ ती म्हणेल इरली, राहू दे. पण अकरा वर्षं जपलेली तिची वस्तू मी फोडणी घालून नासवली, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? काहीही कर, पण तक्ता वाचव. तुझा पाय बरा झाला की मी स्वतः तुला खांद्यावरून चामुंडीची टेकडी चढवीन.

अपराधी,
गुंडेराव मामा


हुणसूर
गुरुवार, १८ सप्टेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

हसून हसून प्लास्टर हललं. पण घाबरू नका. तक्ता ज्यात असतो ती तबकडी बंद पत्र्यात असते, तिथे जिरं काय, मुंगीसुद्धा जात नाही. तो बहुतेक सुरक्षित आहे. बहुतेक म्हणतोय, कारण मी शपथ घेत नाही.

आता खुर्चीवर बसून सावकाश करा. प्लग काढलेला हवा. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. आत हात घालायच्या आधी डब्याच्या पत्र्याला हात लावा, अंगातला करंट निघून जातो. टॉर्च मारा. डबा हळू उपडा करून जेवढं पडेल तेवढं पाडा, मग उरलेलं तुमच्या रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने काढा. तोंडाने फुंकर घालायची नाही, थुंकी उडते. पंख्याच्या पात्यात अडकलेलं एकेक काढा, जोर करू नका.

मग आत एक उभी हिरवी पट्टी दिसेल, वीतभरापेक्षा कमी लांबीची. दोन्ही टोकांना पांढरे चिमटे आहेत. ते दाबले की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलचं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि चिमटे टकटक वाजेपर्यंत पुन्हा बसवा. पडद्याची वायर धाकट्या निळ्या चाळण्यात घाला, थोरल्यात नाही. तुमच्या आकृतीवरून मला तसं दिसतंय. सुरू केल्यावर इंग्रजीत काहीतरी चुकल्याचं आणि एफ-वन दाबा असं आलं तर भिऊ नका, दाबा. आतला छोटा सेल संपलाय, त्यामुळे त्याला आजची तारीख आठवत नसेल.

तक्ता उघडला की सगळ्यात आधी पेन ड्राइव्हवर त्याची प्रत घ्या. बाहुल्या नंतर.

तुमच्या काळजीतला वाटेकरी,
प्रद्युम्न


जयलक्ष्मीपुरम
शनिवार, २० सप्टेंबर

चि. प्रद्युम्न यास खूप खूप आशीर्वाद.

लागला! पडदा लागला. तारीख दाखवतोय १ जानेवारी २००९, पण मला चालेल, तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते. आतून साडेतीन चमचे धान्य निघालं, मिरे धरून. एक मिरा पंख्याच्या पात्यात इतका घट्ट बसला होता की चिमट्याने काढताना मला घाम फुटला. खोडरबर फिरवलं. पहिल्यांदा तीन वेळा टूं वाजलं, पट्टी पुन्हा काढून नीट बसवली, मग वाजलं नाही. धाकटा चाळणा बरोबर निघाला. तू लांब बसून कसं ओळखलंस देव जाणे. तुझ्या आईला सांगणार आहे की मुलगा वाया गेलेला नाही.

प्रत घेतली. तक्ता उघडला, वाचला. त्याबद्दल आता लिहीत नाही. तू विचारूही नकोस. मला मामीला लिहायचं आहे.

तुझा लोभ मी कमावलाय, तो असाच राहू दे.

गुंडेराव मामा


जयलक्ष्मीपुरम
सोमवार, २२ सप्टेंबर, घटस्थापना

सौ. वेदवती हीस सप्रेम आशीर्वाद.

घट बसले. बाहुल्या मांडल्या. खंड पडला नाही. आता बाकीचं ऐक.

तुझी ट्रंक नव्हती म्हणून मी कम्प्युटर पायरीला लावला. शेट्टीचं दुकान त्यात सांडलं. मोहरी, जिरे, मिरे, सगळं. प्रद्युम्नने हुणसूरहून पत्रं लिहून लिहून माझ्याकडून तो दुरुस्त करवला. तुझा तक्ता शाबूत आहे. हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल तू रागाव. पण थोडा राग माझ्यासाठीही शिल्लक आहे, तो मी आज काढणार.

एक्केचाळीस वर्षं मी तुला बाहुल्या मांडताना बघतोय. एकदाही तू तो तक्ता उघडलेला मी बघितला नाही. तू डोळे मिटून मांडतेस. मला वाटायचं, कम्प्युटर शिकलीस त्याची हौस. शनिवारी तो उघडला तर वर नाव काय, तर 'यांच्यासाठी'. आणि पहिल्या ओळीत, मी नसेन तेव्हा.

मी सगळा वाचला. चन्नपट्टणाचे वाजंत्रीवाले तिसऱ्या पायरीवर, ढोलवाल्याचा पाय चिकटवलेला आहे म्हणून त्याला भिंतीला टेकवावं. समई उजवीकडेच ठेवावी, यांचं उपरणं लागतं. गुडघे दुखत असतील तर खालच्या दोन पायऱ्या बसून मांडाव्यात. नैवेद्याला दुकानातून पेढे आणावेत, स्वयंपाकघरात शिरू नये. निळ्या साडीची बाहुली, ही मी माहेरी निघून गेले होते तेव्हा यांनी न बोलता आणून ठेवली होती, ती मधोमध ठेवावी. आणि शेवटी लिहिलंयस की बघायला कोणी आलं नाही तरी मांडा, नऊ दिवस दिवा लावायच्या निमित्ताने तरी घरात हिंडाल.

वेदा, मी कम्प्युटरसमोर बसून रडलो. मग मला फार राग आला. हे सगळं तू मला न विचारता ठरवून मोकळी झालीस? मी एकटा बसणार, तू सांगितलेल्या जागी एकेक बाहुली ठेवणार, आणि सगळं बरोबर आलं म्हणून कोणाकडे बघणार?

म्हणून आज मी सगळं मुद्दाम चुकीचं मांडलं आहे. सगळ्यात वर बसायचे ते पट्टाचे राजाराणी, तुझ्या आईवडिलांनी लग्नात दिलेले, तळाला बसलेत. शेट्टी सगळ्यात वर दुकान मांडून बसलाय. कृष्णाच्या गाई लग्नाच्या वरातीत शिरल्यात आणि ढोलवाला भिंतीकडे तोंड करून उभा आहे. संध्याकाळी नागरत्नाबाई हळदीकुंकवाला आल्या, बघून घाबरल्या आणि लवकर गेल्या. उद्या गल्लीभर होईल. होऊ दे. तक्त्याप्रमाणे मांडायला मी शिकणार नाही. तू ये आणि मला बोल.

बाळाच्या नाकावर माझ्यातर्फे टिचकी मार, हळू.

तुझा,
गुंडेराव


पुणे
गुरुवार, २५ सप्टेंबर

ती. स्व. यांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी मी हसले, मग रडले, मग मोहरीचं पुन्हा वाचलं आणि संतापले. वर्षिणी विचारायला लागली की आई, नक्की काय झालंय. मी म्हटलं, तुझे बाबा.

तक्त्याचं सांगते. अकरा वर्षांपूर्वी माझं गाठीचं ऑपरेशन होतं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात मी लिहायला बसले. तुम्ही दवाखान्याच्या फाइलला चिठ्ठ्या लावत हिंडत होता, तोंडाने काही बोलत नव्हता. मला तेव्हा स्वतःची भीती वाटली नाही, तुम्ही पेटी उघडून बाहुल्यांकडे बघत बसाल याची वाटली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण दरवर्षी एखादी ओळ वाढवत गेले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही असेच रागावला असता. आता रागावलातच, तर बरं झालं.

वर्षिणीच्या सासूबाई काल आल्या. बाळ आता त्यांच्याकडे शांत राहतं. मी रविवारच्या गाडीने निघते, सोमवारी सप्तमीला सकाळी पोचते. स्टेशनवर यायचं, पण कानात मशीन घालून यायचं, मला भर रस्त्यात ओरडून बोलायला लावू नका.

तोवर एकही बाहुली जागची हलवायची नाही. राजाराणी तळाला, शेट्टी वर, गाई वरातीत, सगळं जसंच्या तसं पाहिजे. मला एकेक चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे, आणि प्रत्येकीसाठी तुम्हाला वेगळं बोलायचं आहे. एकशे सव्वीस बाहुल्या आहेत, दसऱ्यापर्यंत वेळ पुरणार नाही. पुढच्या वर्षी उरलेलं बोलेन.

मी आहे हो अजून.

वेदवती